‘हाय मायलेज’ इंजिन ऑइल: सव्वादोन लाख किमी पळालेल्या गाडीत दोन डबे ओतल्यावर

आधी नावाचा घोळ निस्तरतो. आपल्याकडे मायलेज म्हटलं की डोक्यात एव्हरेज येतं, लिटरला किती देते वगैरे. त्यामुळे डब्यावर ‘हाय मायलेज’ वाचून माझ्या मेव्हण्याने विचारलंच, किती वाढलं रे एव्हरेज? काही वाढलं नाही आणि वाढणारही नव्हतं. इथे मायलेज म्हणजे गाडीचं एकूण रनिंग. जिचं रनिंग खूप झालंय तिच्यासाठी बनवलेलं ऑइल, एवढाच अर्थ. बहुतेक कंपन्या ७५,००० मैलांच्या पुढे वापरा म्हणतात, म्हणजे साधारण १ लाख २० हजार किमी. एव्हरेजच्या आशेने कुणी घेणार असाल तर इथेच थांबा, पैसे वाचले तुमचे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच जाहिरात नको आणि बदनामीही नको, आणि तसंही या प्रकारच्या सगळ्या डब्यांची आतली आयडिया साधारण एकच असते.

गाडी बाबांची. चौदा वर्षं जुनी, दीड लिटर पेट्रोल इंजिन, हे ऑइल घालायला सुरुवात केली तेव्हा मीटरवर २,१८,३०० किमी होते. विकायची नाही हे ठरलेलं. एकतर विकून येणार किती, आणि दुसरं म्हणजे इंजिन अजून गोड चालतं. पण एक दिवस सर्व्हिसिंग होऊन जेमतेम ४,६०० किमी झाले असतील, वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि सरळ झाल्यावर गेला. मी पुढे नेली असती तर आज हा रिव्ह्यू नसता. बाजूला घेऊन डिपस्टिक काढली तर पार कोरडी, टोकाला नुसता ओलसरपणा. मॅक्सपर्यंत भरायला तब्बल २ लिटर लागलं! सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, फिल्टर धरून मावतंच ३.७ लिटर, म्हणजे निम्म्याहून जास्त ऑइल गायब आणि मला पत्ताच नाही कारण सर्व्हिसिंग १० हजाराला करायचं असं डोक्यात बसलेलं आणि मधे बॉनेट उघडायची सवयच नाही. हा लाल दिवा ऑइलच्या लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो बरं का, तो पेटतो तेव्हा पंप हवा ओढायला लागलेला असतो. लेव्हल कमी झाली की आधीच सांगेल असा सेन्सर काही गाड्यांत असतो, माझ्यात नाही.

मेकॅनिककडे नेली. त्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं, काळं चिकट बोट मला दाखवलं आणि म्हणाला, साहेब, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. मी म्हटलं दादा, खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये प्रेशर किती बनतं, ते तर बघू. तो जरा नाराजीनेच तयार झाला. चारही प्लग काढून गेज लावलं तर १२.१, ११.९, १२ आणि ११.४ बार. या वयाला हे आकडे म्हणजे उत्तमच, आणि चारही एकमेकांच्या जवळ आहेत हे तर जास्तच चांगलं. आता खरं सांगायचं तर कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे रिंगा शंभर टक्के ठीक असं नसतं, कारण कॉम्प्रेशन धरतात वरच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडते ती खालची ऑइल रिंग, ती कार्बनने चिकटली तरी गेजला कळत नाही. पण एवढ्या आकड्यांवर इंजिन खोलणं म्हणजे ताप आला म्हणून थेट ऑपरेशन टेबलवर झोपण्यासारखं.

म्हणून मधला मार्ग काढला आणि हा डबा घेतला. ४ लिटरचा, ५डब्ल्यू-४०. आधी मी ५डब्ल्यू-३० वापरत होतो. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलंय म्हणूनच बदललं, नाहीतर बदललं नसतं. हे आकडे कशाचे ते पण सांगतो कारण दुकानात कुणी धड सांगत नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पटकन वाहतं त्याचा, जितका कमी तितकं सकाळी स्टार्ट करताना ऑइल लवकर वर पोचणार. नंतरचा आकडा गरम झाल्यावरचा. १०० डिग्रीला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असतं आणि ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३. म्हणजे गरम झाल्यावर थोडं जाड. जुनी गाडी आहे ना, मग २०डब्ल्यू-५० ओता, असा सल्ला मला तीन जणांनी दिला. ज्यांच्या इंजिनात व्हीव्हीटी आहे त्यांनी हा सल्ला ऐकू नका, व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करणारी ती यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते आणि तिच्यातली भोकं अगदी बारीक असतात.

या ऑइलमध्ये वेगळं काय तर मुख्य म्हणजे सील कंडिशनर. इंजिनमधली सगळी ऑइल सील रबराची, वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कडक होतात, आक्रसतात, मग शाफ्टला नीट चिकटत नाहीत आणि झिरपायला लागतं. कंडिशनर ते रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं. त्याशिवाय डिटर्जंट जरा जास्त, झीज रोखणारे घटक जास्त असं कंपनी म्हणते, ते घरी बसून तपासायची सोय माझ्याकडे नाही. सीलचं मात्र तपासता येत होतं.

तर तपासलं असं. पार्किंगमध्ये इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा ठेवला. रोज सकाळी गाडी काढल्यावर पडलेल्या डागाभोवती पेन्सिलने गोल काढायचा आणि तारीख टाकायची. आणि मुलीच्या एका जुन्या वहीत दर ५०० किमीला डिपस्टिकचा आकडा. बायको म्हणाली माझ्या आईचं बीपी कधी इतक्या नियमाने मोजलं नाहीस. मुद्दा बरोबर होता, पण असो.

डिपस्टिक बघायचीही पद्धत आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. कांडी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून दोन्ही बाजू बघायच्या आणि जी बाजू कमी दाखवते ती धरायची. मिनिमम ते मॅक्सिमममध्ये बऱ्याच गाड्यांत साधारण १ लिटरचा फरक असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. मॅक्सच्या वर भरू नका, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) ऑइलात बुडून घुसळतं आणि फेस होतो, फेसाने प्रेशर बनत नाही.

डब्याबद्दल: बाजूला पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर मिलीलिटरच्या खुणा, हे फार आवडलं, टॉप-अप किती केलं ते बरोबर कळतं. झाकणाखालचं फॉइल मात्र वैताग, नखाने निघत नाही, स्क्रूड्रायव्हरने भोसकलं तर तुकडा आत पडायची भीती. तोंडही रुंद, नरसाळ्याशिवाय ओतलं तर एक्झॉस्टवर सांडणार आणि मग दिवसभर जळका वास. दुकानदाराने इंजिन फ्लश पण घ्या म्हणून बाटली पुढे केली होती, ती नाही घेतली. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला की सम्पमधल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि जाळी चोंदली की लाल दिवा आलाच. गाळ असेलच तर चांगलं ऑइल टाकून लवकर लवकर बदलत राहायचं, तो हळूहळू निघू दे.

आता वहीतले आकडे. पहिल्या हजार किमीला ४२० मिली गेलं, दुसऱ्याला ४३०. आधीचा हिशोब काढला तर हजारी ४३५ च्या आसपासच होता, म्हणजे फरक शून्य. मला वाटलं फसलो. तिसऱ्या हजाराला ४००, चौथ्याला ३७०. थोडं कमी होतंय पण हे कंडिशनरमुळे की नुसतं ३० वरून ४० ला गेल्यामुळे, सांगता येत नाही, दोन गोष्टी एकदम बदलल्या ही माझीच चूक. तुलनेसाठी म्हणून सांगतो, काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. चालेल म्हणजे वॉरंटीत भांडायला येऊ नका असा त्याचा अर्थ मी घेतो.

रंगाचं विचाराल तर सुरुवातीला मधासारखं होतं ते दीड हजार किमीत काळं झालं. घाबरायचं नाही, डिटर्जंट घाण उचलतोय म्हणून काळं. दुधाळ झालं तर मात्र घाबरायचं. फक्त झाकणाखाली थोडा पिवळट थर असेल आणि गाडी रोज दोन-तीन किमीच फिरत असेल तर ती साठलेली वाफ असू शकते, लांब फिरवली की जाते. पण कांडीवरच दुधाळ दिसलं आणि कूलंटही कमी होतंय तर हेड गॅस्केट गेलं, म्हणजे कूलंट ऑइलात मिसळतंय.

पुठ्ठ्याची गोष्ट वेगळी निघाली. पहिल्या आठवड्यात रोज नाण्याएवढे चार-पाच डाग, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, म्हणजे क्रँकचं मागचं सील. दोन हजार किमीपर्यंत तसंच. अडीच हजारानंतर डाग दोनवर आले, तीन हजाराला पुठ्ठा सकाळी कोरडा! मी वाकून टॉर्च मारून दोनदा बघितलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून जे झिरपत होतं ते मात्र ढिम्म थांबलं नाही, आणि ते काढल्यावर कळलं का, रबर प्लास्टिकसारखं कडक होऊन तीन ठिकाणी तडकलं होतं. तडकलेलं रबर कुठलंही ऑइल सांधत नाही. गॅस्केट नवीन टाकलं, अर्ध्या तासाचं काम.

त्या गॅस्केटच्या कामातच खरा चोर सापडला. ४,२०० किमीला. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं तर झाकण हातातच थडथडायला लागलं, आतून फुसफुस वारा आणि धूर. म्हणजे क्रँककेसमध्ये प्रेशर साठतंय. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली येतच असतो, नव्या गाडीतसुद्धा, तो परत इनटेककडे (इंजिन हवा ओढतं त्या वाटेकडे) न्यायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही. अंगठ्याएवढा. तो काढून कानाशी हलवला, चांगला असेल तर आत टिकटिक वाजतो, माझा मुका. आत काळी खळ. चोंदला की प्रेशर बाहेर पडायला जागा शोधतं आणि ऑइलला ढकलतं, सीलमधून, व्हॉल्व्ह गाइडमधून, जिथून जमेल तिथून. काही गाड्यांत हा उघडाच अडकतो मग इनटेक सरळ ऑइलची वाफ ओढतं आणि जाळतं. दोन्हीकडून ऑइल जातंच. चौदा वर्षांत याला कुणी हात लावला नव्हता, मीही नाही, सर्व्हिसच्या बिलात कधी त्याचं नावही दिसलं नाही.

नवीन व्हॉल्व्ह टाकला, त्याचा पाइप साफ केला. पुढच्या हजार किमीला ऑइल गेलं १६० मिली.

म्हणजे बघा, डबा ओतून चार हजार किमीत ४२० चे ३७० झाले आणि एका अंगठ्याएवढ्या पार्टने १६०. मेकॅनिकला वही दाखवली, तो हसला, म्हणाला साहेब, तुम्ही दुकान टाका. रिंगांचं नाव परत त्याने काढलं नाही.

पहिला डबा ७ हजाराला काढला, १० हजाराची वाट आता बघत नाही. फिल्टर दोन्ही वेळा चांगला घेतला. मागे एकदा स्वस्तातला लावला होता तेव्हा रोज सकाळी स्टार्टला दोन सेकंद खडखड यायची, कारण त्यातला उलटं ऑइल अडवणारा पडदा कुचकामी, रात्री फिल्टरमधलं सगळं ऑइल खाली उतरून जायचं आणि सकाळी टायमिंग चेन कोरडीच फिरायची. दुसरा डबा पुढचे ७ हजार चालला, हजारी १४० ते १५०, पुठ्ठा कोरडा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा जो एक फुसका येतो तो मात्र होता तसाच आहे. तो व्हॉल्व्ह स्टेम सीलचा, रात्रभर थेंब थेंब खाली उतरलेलं ऑइल जळतं. जाहिरातीत धूर कमी होतो वगैरे म्हणतात, माझ्याकडे नाही झाला. अॅक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा पडदा येत असेल तर तो रिंगांचा प्रकार, तिथे तर या डब्याकडून अजिबात अपेक्षा ठेवू नका. आणि नुसतं टॉप-अप करत जाळत राहू नका, ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर हळूहळू मारतो, मग तो खर्च इंजिनाच्या शेजारी जाऊन बसतो.

तिसऱ्या वेळी मुद्दाम साधं ५डब्ल्यू-४० टाकलं, कंडिशनर नसलेलं, बघू काय होतं म्हणून. ऑइल जाणं १५० ते १७०, म्हणजे तेवढंच. पण दोन हजार किमीनंतर पुठ्ठ्यावर त्याच जागी पुसटसा ओलावा परत. नाणं नाही, नखाएवढा. पीसीव्ही आता ठणठणीत आहे, म्हणजे प्रेशरचा दोष नाही. त्यामुळे सीलपुरतं हे ऑइल खरंच काम करतं असं मी आता खात्रीने म्हणेन, निदान माझ्या गाडीत, निदान कडक झालेल्या पण न तुटलेल्या सीलवर. आणि लगेच नाही, अडीच-तीन हजार किमीने. ५०० किमीला फरक दिसला म्हणणारे एकतर नशीबवान नाहीतर दुकानदार.

त्या निमित्ताने बाकीचंही बघून झालं. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं, हवेतलं पाणी शोषतं ते. नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीला उकळतं आणि पाणी प्यायलेलं १५५ पर्यंत येऊ शकतं, घाटात उतरताना हा फरक पायाला कळतो. गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ म्हणून कधी काढलंच नव्हतं. कुणाचं लाइफटाइम ते विचारलं पाहिजे. काढलं तेव्हा काळं कुळकुळीत, ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा भुगा मिशीसारखा. नवीन टाकल्यावर थंडीत दुसरा गिअर जो अडायचा तो अडायचा थांबला, खरं तर गाडी ‘नवीन झाली’ असं ज्याने वाटलं ते हे, इंजिन ऑइल नव्हे. माझ्या इंजिनला चेन आहे, बेल्टवाल्यांनी टायमिंग बेल्टची तारीख आणि किमी दोन्ही बघा, बऱ्याच इंजिनात तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग कुठलं ऑइल भारी यावर चर्चा करायला काही शिल्लक राहत नाही.

अशा गप्पांत कुणीतरी अर्व्ह गॉर्डन यांचं नाव काढतंच. १९६६ ची व्होल्वो पी १८००, २०१३ मध्ये ३० लाख मैल पार, एकच मालक. हे ऐकून लोक विचारतात ते कुठलं ऑइल घालायचे? मला ब्रँडपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की गृहस्थ विज्ञान शिकवायचे आणि गाडीचं मॅन्युअल पाळायचे.

रेटिंग द्यायचंच तर ५ पैकी ३. सील झिरपत असेल आणि ते बदलायला मोठं काम निघणार असेल तर ४ सुद्धा देईन. ऑइल जळत असेल तर २, आधी पीसीव्ही बघा, मग डबा. नेहमीच्यापेक्षा हे थोडं महाग पडतं. आणि ज्या इंजिनातून काहीच झिरपत नाही त्यात केवळ रनिंग लाखावर गेलं म्हणून घालायची गरज मला तरी दिसत नाही, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर बदललं तरी पुरे.

मीटर आज २,३६,३०० ला आहे. ते क्रँकचं मागचं सील बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, नुसत्या एका सीलसाठी तेवढी मजुरी द्यायची मनाची तयारी नाही. पण चढावर चौथ्या गिअरमध्ये आरपीएम वाढतो आणि गाडी तेवढी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट आलीच संपत. तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरणारच आहे, तेव्हा सील त्यातच टाकून घेईन. तोपर्यंत पुढच्या वेळी परत हाच डबा. पुठ्ठा आता गोलांनी भरलाय, नवीन आणायला लागेल.